डेंगूचं कार्ड

माझ्या पोरीला डेंगू जोरात झाला तो माझ्या रक्तामुळे, हे आमच्या गावात आता नळावरच्या बायाही एकमेकींना सांगतात. मी पाण्याचा गुंड घेऊन गेले की गप्प होतात. मी मुळात बोलणारी बाई नाही. चार लोकांत माझा आवाज निघत नाही. लग्नाच्या पंगतीत मीठ हवं असलं तरी मी मागत नाही, तसंच जेवून उठते. त्यामुळे लोकांना वाटतं, हिला काही लागत नाही. लागतं. इतकं लागतं की धान पाखडता पाखडता सूप भिंतीवर आपटावंसं वाटतं.

आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. घरात सासूबाई, माझे मालक, मी, धाकटे दीर, जाऊ, त्यांचे दोन मुलगे आणि माझी एकुलती एक मुलगी. मुलगी ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकते, तिकडेच मैत्रिणींसोबत खोली करून राहते आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीला घरी येते. मागच्या वर्षी रोवणी संपत आली आणि घरात ताप शिरला. आधी दिराच्या मोठ्या मुलाला आला, मग धाकट्याला. एक रात्र अंग तापलं आणि लगेच दोघं धानाच्या बांधीत खेकडे धरायला पळाले. सासूबाईंचे सांधे दुखले. जावेला अंग मोडल्यासारखं झालं. मला आणि मालकांना तर शिंकही आली नाही. घर एकच, मोरीजवळचा पाण्याचा ड्रम एकच, डासही तेच.

आणि माझी पोरगी मरता मरता वाचली.

ताप होता तोवर आम्हाला भीती नव्हती. ताप उतरला तेव्हा आम्ही म्हणालो, चला, सुटली. आणि तिथूनच बिघडलं. पोट धरून वाकडी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले. तालुक्याच्या दवाखान्यातून गडचिरोलीला नेलं. तिथे तिच्या उशाशी बसून मी एकच विचार करत होते. हिने असं काय केलं जे त्या दोन पोरांनी केलं नाही? त्यांच्यापेक्षा ही तब्येतीने चांगली. खाण्यापिण्यात कमी नाही. मग हिलाच का?

ती घरी आली. धान निघाले, चुरणं-मळणी झाली. थंडीत एक दिवस गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई एक गाडी घेऊन आमच्या दारात आली. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा कॉलेजची माणसं होती. ज्या घरात एकाला डेंगू जोरात झाला आणि बाकीच्यांना हलका, अशा घरांत फिरत होती आणि सगळ्यांचं रक्त घेत होती. त्यांच्यातली एक डॉक्टर मुलगी बाजेवर बसून आम्हाला समजावून सांगत होती. मी दाराआड होते, पण माझे कान तिच्याकडे होते, कारण माझ्याच प्रश्नावर ती बोलत होती.

ती म्हणाली, बाहेरून विषाणू आला की शरीराला तो आधी ओळखावा लागतो. ओळखायची जी सोय शरीरात असते, ती प्रत्येकाची वेगळी. कुणाचं शरीर या विषाणूला लवकर ओळखतं, कुणाचं उशिरा. कुणाचं ओळखतं, पण मग त्याच्याशी लढताना आपल्याच नसांना जखमी करून घेतं. ही सोय अर्धी आईकडून येते आणि अर्धी वडिलांकडून. एका आईबापाच्या दोन लेकरांतही ती सारखी येईलच असं नाही.

सासूबाई पुढे सरकल्या. "म्हंजे पोरीले हे मायकडून आलं."

"आजी, अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून."

"हो जी, तेच म्हनतो मी. मायकडून."

डॉक्टर मुलगी हसली. तिला वाटलं आजी गंमत करतात. मला हसू आलं नाही.

तिने पुढेही सांगितलं. म्हणाली, यात चांगलं रक्त, वाईट रक्त असं काही नसतं. जी गोष्ट एका रोगात कमी पडते, तीच दुसऱ्या रोगात कामाला येऊ शकते. आणि ही एकच गोष्ट नाही. कोणता डेंगू झाला, आधी कधी झाला होता का, दवाखान्यात किती लवकर नेलं, सगळं मोजावं लागतं. आम्हालाच अजून पुरतं कळलेलं नाही, म्हणून तर हिंडतोय. हे सगळं ती नीट, हळू, दोन दोनदा बोलली. पण आमच्या घराने त्यातला एकच शब्द उचलला. रक्त.

आमच्या भागात आईबापाकडून येणारा रक्ताचा एक आजार सगळ्यांना माहीत आहे, सिकलसेल. पोरांची शाळेतच तपासणी होते, कार्ड मिळतं. सोयरीक जुळवायची तर पत्रिकेआधी दोन्हीकडची कार्डं बघतात, कारण दोघांच्याही रक्तात ते असलं तर लेकराला भोगावं लागतं. ही चांगली रीत आहे. माझ्या माहेरच्या शेजारचा एक पोरगा त्या दुखण्याने रात्रभर ओरडायचा, ते मी ऐकलेलं आहे. त्यामुळे कार्ड बघण्यावर माझा राग नाही. पण लोकांनी डेंगूलाही त्याच खुंटीला बांधलं. रक्तातलं आहे, आईबापाकडून आहे, रक्त घ्यायला गाडी आली, म्हणजे हा दुसरा सिकलसेल. त्याचं कार्ड असणार आणि ते या पोरीचं खराब निघालं असणार.

दिरांनी तर डॉक्टर मुलीला विचारलंच होतं, "मॅडम, याचं कार्ड कधी भेटन?"

"याचं कार्ड नसतं दादा. एकेका माणसाला सांगता येईल असं हे नाहीच."

"बरं बरं. मंग पोस्टानं पाठवजा."

जाता जाता तिने मला मोरीपाशी गाठलं. मी हात धूत होते. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आई ना? एक लक्षात ठेवा. डेंगूचे चार प्रकार आहेत. जो झाला तो सहसा पुन्हा होत नाही, पण दुसरा होऊ शकतो, आणि दुसऱ्या वेळी जास्त बिघडू शकतं. हिला ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि आधी जोरात डेंगू झाला होता हे सांगा. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून देऊ नका. आणि हे कुणापासून लपवू नका." मी मान हलवली. माझ्या तोंडून साधं हो सुद्धा नीट निघालं नाही.

त्यानंतरचा हिवाळा माझ्या डोक्यात गेला. सासूबाई भेटेल त्याला सांगत, "सुनेच्या माहेरचं रक्तच कच्चं." माझ्या माहेरी कुणाला असा ताप आल्याचं मला तरी माहीत नाही. त्यांची स्वतःची थोरली मुलगी मात्र लहानपणीच तापाने गेली, नाकातून रक्त येऊन. हे सगळ्या गावाला माहीत आहे. तिला दवाखाना दिसला नव्हता, तिच्यासाठी कोंबडा कापला होता. ते त्यांच्या लेखी बाहेरचं होतं, कुणीतरी केलेलं. ती मालकांची सख्खी बहीण. म्हणजे बापाकडच्या अर्ध्याचा हिशोब कुणी करत नाही. मी कधी तोंडावर म्हणाले नाही. मेलेल्या लेकराचं नाव भांडणात काढू नये एवढं मला कळतं. पण त्यांना माझं जिवंत लेकरू भांडणात ओढता येतं.

मालक काय करत होते? ऐकत होते. आईने माझ्या माहेरचं काढलं की उठून बैलांना पाणी दाखवायला जात. आमचे बैल त्या हिवाळ्यात फार पाणी प्यायले.

आणखी एक झालं, त्याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. मोरीजवळचा ड्रम आठवड्याला रिकामा करून घासा, कुलरमधलं पाणी काढा, हे आशाताई किती वर्षांपासून सांगते. पोरगी दवाखान्यात होती तोवर सगळ्यांनी ते केलं. रक्ताची गोष्ट गावात फिरली आणि थांबलं. दीर म्हणाले, "आता तं डॉक्टरच सांगून गेली, रक्तातलं हाय मनून. मंग ड्रम घासून काय होते वहिनी?" चौकात पंक्चरच्या दुकानामागे टायरांची रास आहे, पावसाचं पाणी भरून असतं, त्यात अळ्या वळवळतात. ते टायर उचलायचे म्हटलं तर पंचायतीचा सदस्य हसून म्हणाला, "गावात दुसऱ्या कोनाले काई झालं काय? एका घरचं रक्त कच्चं, त्याले टायर काय करन?" डास चावतो आणि विषाणू देतो, ही गोष्ट उन्हासारखी लख्ख असताना ती सगळ्यांनी बाजूला ठेवली. कारण ड्रम घासायला कंबर मोडते, आणि बाईच्या रक्ताला बोल लावायला काहीच लागत नाही.

आम्ही शेतकरी माणसं. एकाच बांधीत दोन जातींचे धान लावले तर करपा एकावर जास्त दिसतो, एकावर कमी. म्हणून कुणी म्हणतं का, की फवारणी करू नका, बियाणंच तसं आहे? उलट ज्याला जास्त लागतो त्याच्याकडे आधी बघतो. पोरीच्या बाबतीत ही अक्कल कुठे गेली?

उन्हाळ्यात सोयरीक आली. मुलगा राजुऱ्याकडचा, कोळशाच्या खाणीत मशीनवर कामाला. ब्रह्मपुरीला एका लग्नात त्याने पोरीला पाहिलं होतं, फोनवर बोलणंही सुरू होतं. पोरीच्या मनात होता. तिने मला तसं सांगितलं नाही, पण फोन वाजला की ती विहिरीकडे जाई, त्यावरून मी ओळखलं. मालकांचा चुलतभाऊ मध्यस्थ होता. पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी घरात बैठक बसली.

सासूबाईंनी ठरवून टाकलं. "कोनी इचारलं तं टायफाइड झाला होता मनाचं. सगळ्याइनं एकच सांगाचं."

"टायफाइड चालते," मध्यस्थ भाऊजी म्हणाले. "टायफाइड तं आमदारालेबी होते."

सगळे हसले. पोरगी पण हसली. नंतर चुलीपाशी येऊन मला म्हणाली, "आई, तू काई बोलशीन नको."

"मी कवा बोलते?"

"तेच म्हनतो."

ही उद्या लग्न होऊन राजुऱ्याकडे जाईल. पावसाळ्यात तिला ताप येईल. सासू विचारेल, आधी काय झालं होतं? टायफाइड. गावच्या डॉक्टरला सांगतील टायफाइड. दुकानातून गोळी आणतील. ताप उतरला की म्हणतील, चला, सुटली. पुढचं मी एकदा पाहिलेलं आहे. आणि तेव्हा मी कुरखेड्याच्या पलीकडे असेन, मला फोन येईल तो कशाचा येईल? रात्रभर मी हेच घोळवत पडले होते. बोलले तर तिचं मन मोडतं. नाही बोलले तर तिचा जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईबाप आणि एक काका. सगळं बोलणं काकाच करत होता. पोहे झाले. सिकलसेलची कार्डं बाजेवर ठेवली, दोघांचीही साफ. काकाने ती उलटी सुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "हे तं झालं. आन् डेंगूचं?"

"डेंगूचं काय जी?" मालकांनी विचारलं.

"कार्ड. आमी आयकलं, दवाखान्याची गाडी आली होती तुमच्या घरी, सगळ्याइचं रक्त नेलं. मंग कार्ड तं देल्लं असन."

"नाई, ते..." मालक आईकडे बघायला लागले. दीर म्हणाले, "पोस्टानं येनार हाय."

हे ऐकून मी दाराआड कपाळ धरलं. नसलेलं कार्ड पोस्टाने येणार!

सासूबाईंनी सावरलं. "पोरीले टायफाइड होता बाप्पा. थे गाडीवाले तं असेच फिरतात, कोनाचंबी रक्त नेतात."

"पक्का टायफाइडच ना?" हे मुलाची आई म्हणाली. इतका वेळ ती गप्प होती. ती सासूबाईंकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते.

मी म्हणाले, "टायफाइड नव्हता."

माझा आवाज इतका बारीक निघाला की काका म्हणाला, "काय म्हंटलं बाई?" तेव्हा मला माझ्याच आवाजाची चीड आली. मी ट्रे खाली ठेवला.

"टायफाइड नव्हता. डेंगू होता. लय जोरात होता, मरता मरता वाचली. याचं कार्ड निंगत नाई, पोस्टानंबी येत नाई. तुमचं निंगत नाई, माह्यं निंगत नाई. पन हिले उद्या तुमच्या घरी ताप आला तं त्याच दिवशी दवाखान्यात न्या लागन, आन् डॉक्टरले हेच सांगा लागन. टायफाइड सांगसान तं पोरगी हातची जाईन."

मग काका म्हणाला, "म्हंजे पोरीच्या रक्तात दोष हाय."

"दोष डासात हाय. आन् रक्त म्हनसान तं अर्धं माह्यं हाय, अर्धं याइचं." मी मालकांकडे बोट दाखवलं. उभ्या जन्मात मी त्यांच्याकडे बोट दाखवलं नव्हतं. "याइचं कोनीच इचारत नाई."

"सूनबाई, आत जाय!" सासूबाई ओरडल्या.

मी गेले. पाहुण्यांनी चहा घेतला. मुलाची आई जाताना आमच्या ड्रमकडे बघत एवढंच म्हणाली, "आमच्याकडे तं खानीचं पानी साचते, डास लय हायेत." ती काय म्हणत होती ते मला आजही कळलेलं नाही. नंतर मध्यस्थ भाऊजींचा फोन आला. नकार.

पोरगी माझ्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते, तेच मला जास्त लागलं. "एवढे वर्ष मुकी राह्यली. तुले हाच दिवस भेटला काय बोलाले?"

"तुह्या जिवासाठी..."

"माह्या जिवाचं मले इचारलं होतं काय?"

ती ब्रह्मपुरीला निघून गेली. फोन करायची तो बापाला. मी शेजारी असले तर मालक फोन माझ्या दिशेने धरत आणि पलीकडून तो बंद होई. तिचा प्रश्न खरा होता, हे मला मान्य आहे. मी तिला विचारलं नव्हतं. पण मला चीड याची येते की ती माझ्यावर रागावली. काकावर नाही, टायफाइड शोधून काढणाऱ्या आजीवर नाही, बैलांना पाणी पाजणाऱ्या बापावर नाही.

यंदाच्या रोवणीला ती आली. माझ्याशी कामापुरतंच बोले. एका सकाळी बांधीतून ती लवकर परतली आणि जाऊ मला सांगायला आली, पोरीचं अंग तापलं आहे. मी चिखलाच्या पायांनीच घरी गेले, तिला उठवलं आणि सडकेवर येऊन काळीपिवळी जीप धरली. कुरखेड्यापर्यंत ती बाहेर तोंड करून बसली. मी मनातल्या मनात काय सांगायचं ते घोकत होते, कारण डॉक्टरसमोर माझी जीभ टाळूला चिकटते.

डॉक्टरांनी विचारलं, "ताप कधीपासून?" मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "आज सकाळपासून. सर, मले मागच्या वर्षी डेंगू झाला होता, लय जोरात. गडचिरोलीले भरती होतो."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवून तिच्याकडे पाहिलं, मग तिला ठेवून घेतलं. मलेरियाचीही तपासणी केली, डेंगूचीही.

ती खाटेवर पडलेली असताना तिचा फोन वाजला. राजुऱ्याचा मुलगा होता. नकारानंतरही तो तिला फोन करत होता, हे मला तिथेच कळलं. काका पाघळेल, असं त्याचं म्हणणं होतं. फक्त मी चुकून बोलले, टायफाइडच होता, असं सगळ्यांनी म्हणायचं. फोनचा आवाज मोठा होता, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. दवाखान्यात आहे, असं तिने सांगितलं तसा तो म्हणाला,

"दवाखान्यात डेंगूचं तं नाई सांगितलं ना? तिकडं आमच्या गावची नर्स हाय, गोष्ट फुटन."

पोरगी खाटेवर उठून बसली. "सांगितलं," ती म्हणाली. "सगळ्यात आधी तेच सांगितलं. तुले माह्या तापाचं पडलं नाई, नर्सचं पडलं काय?" आणि तिने फोन पालथा ठेवला. नंतर तो बराच वेळ थरथरत होता. तिने उचलला नाही. माझ्याशीही ती बोलली नाही, भिंतीकडे वळून झोपली. मी तिचे पाय चेपले, तेवढं तिने चेपू दिलं.

डेंगू निघाला नाही, मलेरियाही नाही. साधा ताप होता, गेला. आम्ही घरी आलो तर सासूबाई ओट्यावरच होत्या. "पाहा, काई नव्हतं. फुकट सोयरीक मोडली."

"आजी, मीच नाई म्हंटलं त्याले," पोरगी म्हणाली. "आन् पुढच्या टायमालेबी मी डेंगूच सांगन." ती आत गेली आणि भांडी इतक्या जोरात घासायला लागली की जाऊ घाबरून बघायला आली.

आता दिवाळीनंतरसाठी दुसरी सोयरीक येते आहे, ब्रह्मपुरीकडची. सासूबाईंनी मध्यस्थ भाऊजींना टायफाइडचं सांगून ठेवलं आहे, हे मला काल जावेने सांगितलं. मी मालकांचा फोन घेतला आणि स्वतः लावला. 

"भाऊजी, पाहुण्याइले पयले डेंगूचं सांगा. आयकून येत असन तं आना. नाई तं आनू नका."

मग ते म्हणाले, "कोन, वहिनी? तुमी बोलून राह्यल्या काय?"

"हो. मीच बोलून राह्यली."